ओव्यांचं पुस्तक छापून घेताना: कोटेशनपासून गठ्ठ्यांपर्यंत

वाई तालुक्यातल्या माझ्या आजोळी बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक २०२५च्या संक्रांतीला हातात आलं. ५०० प्रती, १९२ पानं आणि मध्ये आठ पानं रंगीत फोटोंची. प्रकाशक मीच. ओव्या कशा जमवल्या त्याबद्दल सवडीने वेगळं लिहीन. आज फक्त छपाईबद्दल लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच होती. फॉर्म, जीएसएम, ब्लीड, सीटीपी हे शब्द छापखान्यातली माणसं इतक्या सहज बोलतात की नव्या माणसाला विचारायचाही संकोच वाटतो. आणि एकदा छापलेलं काही पुसता येत नाही.

जून २०२४ मध्ये मजकूर टाइप होऊन तयार झाला आणि मी साताऱ्यातल्या आणि पुण्यातल्या काही छापखान्यांकडून दर मागवले. आलेले आकडे एकमेकांशी जुळेचनात. कुणी साधा मॅपलिथो (आतल्या पानांचा नेहमीचा कागद) धरला होता, कुणी जास्त पांढरा, कुणी नुसता डिंक लावून केलेलं बाइंडिंग धरलं होतं, कुणी शिलाईचं. एकाने कागद धरलाच नव्हता, ‘कागद तुमचा’ असं खाली बारीक अक्षरात होतं. सगळ्यात स्वस्त वाटलेला दर तोच होता.

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक जुना छापखाना आहे. तिथल्या काकांनी दर सांगायच्या आधी मला खुर्चीवर बसवलं आणि समोर एक कोरा ताव ठेवला. १८ बाय २३ इंचांचा. हा डेमी. त्यांनी तो एकदा दुमडला, पुन्हा दुमडला, तिसऱ्यांदा दुमडला. ‘मोजा ताई.’ आठ पत्रं झाली होती, म्हणजे सोळा पृष्ठं. हा एक फॉर्म, आणि तीन कडा कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंचांचं जे पुस्तक उरतं ते डेमी एक-अष्टमांश. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक मराठी कथा-कादंबऱ्या याच आकाराच्या. क्राऊनचा ताव १५ बाय २०चा, त्याचं पुस्तक कडा कापण्याआधी पाच बाय साडेसात होतं. ते हाताला फार छान वाटलं होतं मला, पण ओवीची ओळ लांब असते. क्राऊनमध्ये ती मोडून खाली आली असती आणि वाचताना लय तुटली असती. म्हणून डेमीच ठरवला.

फॉर्म समजला आणि पुढचं बरंच आपोआप सुटत गेलं. पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत बसवायची असते. माझा मजकूर १८६ पृष्ठांत संपत होता, म्हणजे बाराव्या फॉर्मात सहा पृष्ठं कोरी. त्यांत ओव्या सांगणाऱ्या सगळ्या बायकांची नावं आणि ओव्यांच्या पहिल्या ओळींची सूची घातली. तुमचा मजकूर पटीच्या जरासा पुढे जात असेल तर आठ पृष्ठांचा अर्धा फॉर्मही करता येतो. पण खर्च जवळजवळ पूर्ण फॉर्माएवढाच येतो, म्हणून आधी मांडणीतच काही जागा निघते का ते पाहावं.

काकांच्या सल्ल्याने मी सगळ्या छापखान्यांना पुन्हा एकच तपशील पाठवला. तो जसाच्या तसा देते, कुणाला उपयोगी पडला तर: ‘आकार डेमी १/८. आतील पृष्ठे १९२, एकरंगी, ७० जीएसएम नॅचरल शेड मॅपलिथो. रंगीत पृष्ठे ८, चाररंगी, १३० जीएसएम मॅट आर्ट पेपर. मुखपृष्ठ चाररंगी, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून मॅट लॅमिनेशन. बाइंडिंग सेक्शन शिलाई, वर मुखपृष्ठ चिकटवून. प्रती ५००. कागद, प्लेट, बाइंडिंग, पॅकिंगसह दर, जीएसटी वेगळा दाखवावा.’ (आर्ट पेपर म्हणजे फोटोंसाठीचा लेप दिलेला गुळगुळीत कागद, प्लेट म्हणजे ज्यावरून छापतात तो पत्रा, आणि सेक्शन शिलाई म्हणजे प्रत्येक फॉर्म घडीतून दोऱ्याने शिवणं.) या वेळी आलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता आले. बारा टक्क्यांचाही फरक नव्हता त्यांच्यात. मग मी काकांनाच काम दिलं, त्यांनी ताव दुमडून दाखवला होता म्हणून.

जीएसटीचं थोडं सांगते. छापील पुस्तकाच्या विक्रीवर कर नाही, पण छपाईच्या कामावर आहे. माझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या व्यक्तीला तो कुठून परत मिळत नाही. तो खर्चात धरूनच किंमत ठरवायची.

कागदाचा विषय मला फार आवडला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. कागद मात्र किलोवर विकला जातो, त्यामुळे हिशेब आपला आपल्याला करता येतो. दुप्पट डेमीचा ताव २३ बाय ३६ इंचांचा, त्यात ३२ पृष्ठं बसतात. १९२ पृष्ठांना सहा ताव, ५०० प्रतींना तीन हजार ताव, म्हणजे सहा रीम. ७० जीएसएमच्या एका रीमचं वजन भरतं १८.७ किलो. सहा रीम म्हणजे ११२ किलो. त्यावर यंत्र लावताना वाया जाणारा कागद धरून काकांनी १२५ किलो लावला होता. ९२ रुपये किलोने साडेअकरा हजार. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा काका खूश झाले आणि त्या दिवसापासून माझ्याशी जरा वेगळ्या मोकळेपणाने बोलायला लागले.

७० की ८०, यावर मी बरेच दिवस अडले होते. ओव्यांच्या पानावर पांढरी जागा खूप असते, त्यामुळे मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. ८० घेतला तर कमी दिसतात, पण कागदाचा खर्च तेवढा वाढतो. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीने यावर फार सुंदर उपाय काढला. तिने सगळ्या पानांच्या ओळी एकाच आखीव अंतरावर बसवल्या, म्हणजे मागची ओळ बरोबर पुढच्या ओळीच्या पाठीमागे येते आणि पांढरी जागा पांढरी राहते. ७० मध्येच काम झालं. कवितेचं किंवा ओव्या-अभंगांचं पुस्तक करणार असाल तर हे आवर्जून सांगा.

मजकूर युनिकोडमध्ये होता. पुण्यामुंबईत अजूनही बरंच काम श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत चालतं. त्यात एका पद्धतीतून दुसरीत नेताना जोडाक्षरं मोडतात, रफार सरकतो आणि ‘ऱ्या’ तर हमखास बिघडतो. म्हणून इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोडवर काम करणारी व्यक्ती शोधली. पानामागे ४० रुपये घेतले तिने. तिने भाषा मराठी अशी लावली तेव्हा ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे झाले, नाही तर काही फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात. ओवी मराठी बाईची आणि ‘ल’ परका, हे मला चाललं नसतं.

जुलैमध्ये आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, अर्ज केला. दिल्लीतल्या राजा राममोहन राय एजन्सीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, लेखक स्वतः प्रकाशक असेल तर तसं निवडायचं, ओळखपत्र, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान अपलोड करायचं. शुल्क नाही. कुणी ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तो त्याच्या मेहनतीचे मागतोय, क्रमांकाचे नाही. मला क्रमांक मिळाला तो गणपती होऊन गेल्यावर. हा वेळ धरूनच चाला, कारण क्रमांक आल्याशिवाय श्रेयपान पुरं होत नाही आणि मलपृष्ठावरचा बारकोडही करता येत नाही. बारकोड पांढऱ्या चौकोनात काळाच ठेवावा. तो सुंदर दिसावा म्हणून चॉकलेटी-लाल केला तर वाचणारं यंत्र तो वाचत नाही.

तोवर काकांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘१० ऑगस्टच्या आत फाइल आली तर छापतो, नाही तर थेट दिवाळीनंतर.’ ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत छापखान्यात दिवाळी अंक असतात. त्यांना तारीख चुकवून चालत नाही, आपल्या पुस्तकाला चालतं. त्याच्या मागोमाग कॅलेंडरं आणि डायऱ्या येतात. मी दिवाळीनंतरचं ठरवलं. वाईट वाटलं होतं, कारण ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोघी नव्वदीच्या पुढच्या आहेत आणि प्रत्येक महिना मला जड वाटत होता. पण काकांचं दुसरंही म्हणणं खरं होतं. पावसाळ्यात कागद दमट होतो, लाटा धरतो, शाई लवकर वाळत नाही. शिलाईच्या पुस्तकाला कोरडी हवा चांगली.

मधला काळ फोटोंना मिळाला, ते बरं झालं. छपाईसाठी फोटो ज्या आकारात छापायचा त्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवा. चार बाय सहा इंचांना म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल. नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर धाडलेले बहुतेक फोटो यात बसत नव्हते, कारण तिथे फोटो दाबून लहान केला जातो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं, आणि जुने कृष्णधवल फोटो घरोघरी जाऊन आणले, ६०० डीपीआयवर स्कॅन केले, त्याच आठवड्यात परत नेऊन दिले. जुने फोटो आपल्या घरी ठेवू नयेत, त्या बायकांचा जीव त्यांत असतो.

दिवाळी झाली, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, आणि पुढच्या आठवड्यात मी फाइल घेऊन गेले. तिथला संगणकावरचा मुलगा फाइल तपासतो, त्या तपासणीला प्रीफ्लाइट म्हणतात. त्याने मला शेजारी बसवून घेतलं. स्क्रीनवरचा रंग लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा असतो, छपाईचा रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचा. यालाच सीएमवायके म्हणतात. त्यामुळे स्क्रीनवरची झगझगीत हिरवी साडी कागदावर थोडी शांत होणारच. तो बदल आधी फाइलमध्ये करून बघितला की नंतर धक्का बसत नाही.

त्याने एक एक शाई बंद-चालू करून दाखवली तेव्हा रंगीत पानांवरच्या फोटोओळींचा काळा रंग चारही शायांचा बनलेला दिसला. मोठ्या भागाला असा काळा खुलून दिसतो. बारीक अक्षराला मात्र चारही शाया केसभरसुद्धा सरकून चालत नाहीत, अक्षराला रंगीत सावली येते. त्याने ती फक्त काळ्या शाईवर आणली. पाच मिनिटांचं काम, पण ते प्लेटच्या आधीच व्हायला हवं.

ब्लीड म्हणजे कडेपर्यंत जाणारं चित्र किंवा रंग कापायच्या रेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवून ठेवणं. कटिंगचं पातं केसभर इकडेतिकडे जातं, तेव्हा कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून. याच कारणाने महत्त्वाची अक्षरं कडेपासून आत ठेवायची. मुखपृष्ठाच्या फाइलसाठी पाठीची, म्हणजे कण्याची जाडी लागते. ती सूत्रावरून काढता येते, पण काकांनी त्याच कागदाची कोरी डमी शिवून दिली आणि पट्टीने मोजली. १० मिलिमीटर भरली. डमी मागून घ्याच. आपलं पुस्तक जाडीला आणि वजनाला कसं होणार ते हातात घेऊन कळतं, आणि कागदाचे तंतू कण्याला समांतर येतात का तेही बघता येतं. आडव्या तंतूंचा कागद लागला तर पुस्तक उघडं राहत नाही, ताठरतं.

मग प्रूफ. लेझरवर काढलेली सगळी पानं बांधून मिळाली आणि ती मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवली. डोळ्यांनी वाचताना निसटलेली कितीतरी अक्षरं कानाला खटकली. ‘गं’ आणि ‘ग’ कुठे म्हणतात, कुठे नाही, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकलं नसतं. शेवटच्या प्रूफवर प्रत्येक फॉर्माच्या पहिल्या पानावर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून तारखेसह सही करायची असते. त्यानंतर बदल हवा तर नवी प्लेट. आठ पृष्ठांची मिळून एक प्लेट, त्यामुळे एक काना चुकला तरी सगळी प्लेट बदलावी लागते, ३०० रुपये. निम्मी रक्कम मी याच वेळी दिली.

बारा फॉर्म, प्रत्येकाची पुढची आणि मागची बाजू, अशा २४ प्लेट झाल्या. आता फिल्म काढत नाहीत, संगणकावरून थेट प्लेटवर जातं, तेच सीटीपी. रंगीत आठ पानांचं मात्र वेगळं होतं. ती आठही पानं एकाच चार प्लेटच्या संचावर बसवली, ताव एका बाजूने छापला, उलटला आणि त्याच प्लेटवर दुसऱ्या बाजूने छापला. ताव मधोमध कापला की दोन संच. याला वर्क अँड टर्न म्हणतात. निम्म्या प्लेट वाचल्या.

रंगीत पानं छापायच्या दिवशी मी यंत्रापाशी उभी होते. तुम्हीही जा, कुणी नको म्हणत नाही. पहिले कितीतरी ताव रंग बसवण्यात जातात, वाया जाणारा कागद म्हणतात तो हाच. मशिनमन दादा भिंग लावून चारही रंगांच्या खुणा एकावर एक येतात का पाहत होते. एका फोटोत आजीच्या चेहऱ्यावर तांबूस झाक जास्त येत होती. मी सांगितलं, त्यांनी किरमिजी शाई त्या पट्ट्यात थोडी कमी केली, आणखी काही ताव गेले आणि चेहरा उजळला. मग एका तावावर माझी सही घेतली. पुढचे सगळे ताव त्याच्याशी ताडून बघतात. तो ताव मी जपून ठेवला आहे.

शिलाईवर मी हट्ट धरला होता. नुसत्या डिंकाचं बाइंडिंग प्रतीमागे सहा-सात रुपयांनी स्वस्त पडतं, पण हे पुस्तक मांडीवर उघडून, मान वर करून म्हणायचं आहे. ते सपाट उघडायला हवं आणि पानं सुटायला नकोत. स्पॉट यूव्ही (मुखपृष्ठावर ठरावीक जागी दिलेली चकाकी), सोनेरी अक्षरं वगैरे सगळं नाकारून ते पैसे शिलाईत घातले.

बाइंडरकडून आलेल्या पहिल्या गठ्ठ्यात काही प्रतींमध्ये एक फॉर्म दोनदा आणि त्याच्या पुढचा गायब असं निघालं. हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येक फॉर्माच्या घडीवर बाहेरून एक छोटा काळा ठोकळा छापतात, प्रत्येक फॉर्माला थोडा खाली सरकवून. फॉर्म क्रमाने लागले की कण्यावर तिरकी शिडी दिसते. ठोकळा दोनदा आला किंवा पायरी गळाली की लगेच कळतं. हे मुखपृष्ठ चिकटवायच्या आधीच बघावं लागतं. उरलेल्या सगळ्या प्रती त्यांनी माझ्यासमोर शिडी बघून तपासल्या आणि बिघडलेल्या बदलून दिल्या. कोटेशनमध्ये ‘सदोष प्रती बदलून मिळतील’ हे वाक्य आधीच लिहून घेतलं होतं.

खर्च असा आला. कागद ११,५००, प्लेट ७,२००, आतली छपाई ८,४००, रंगीत पानं कागदासह ७,५००, मुखपृष्ठ लॅमिनेशनसह ७,०००, बाइंडिंग १०,०००. एकूण ५१,६००, त्यावर जीएसटी. अक्षरजुळणी आणि साताऱ्यापर्यंतचा टेम्पो वेगळा. प्रतीमागे छपाईच १०३ रुपये. शंभरच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई बघा. तिथे प्लेट नसते, प्रतीचा दर जास्त असला तरी एकूण रक्कम कमी होते. तीनशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची छपाई, परवडायला लागतं, असं काकांचं म्हणणं, आणि माझ्याकडच्या डिजिटल आणि ऑफसेट अशा दोन्ही दरपत्रकांतही तसंच दिसलं.

एका प्रतीचं वजन २४० ग्रॅम, म्हणजे सगळा माल १२० किलो. जिना चढून वर न्यायचा असेल तर आधी माणसं बघून ठेवा, आणि गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

१४ जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत आजोळच्या घरोघरी हळदीकुंकू होतं. या वर्षी वाण म्हणून पुस्तक दिलं. नव्वदीच्या दोघींनी आपली नावं सूचीत बोट ठेवून शोधली, एकीला वाचता येत नाही, तिने नातीकडून तीनदा वाचून घेतलं.

नंतरचं एक कागदी काम उरतं. पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा १९५४चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला एकेक प्रत पाठवायची. स्वतः प्रकाशक असलेल्या व्यक्तीलाही तो लागू आहे. मी चारही टपालाने पाठवल्या आणि पावत्या कोटेशनच्याच फाइलमध्ये लावल्या.

काकांकडून शेवटची छपाईची पीडीएफ, मुखपृष्ठाची मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट आणि कागदाचं नाव लिहिलेली चिठ्ठी एका पेनड्राइव्हवर घेतली. प्लेट छापखाने ठेवत नाहीत, भंगारात देतात, त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीला त्यांचा खर्च पुन्हा येईल. अक्षरजुळणीचा येणार नाही. तीनशे प्रतींच्या पुनर्मुद्रणाचा दर मी मागवून ठेवला आहे. या वेळी दिवाळी अंकांच्या आधी, जूनमध्येच फाइल देणार आहे.